जोतीनानांच्या गाडीचं चार्जिंग

"शौकत, तुझी बॅटरी परत मेली रं!"

जोतीनाना काटकर हे वाक्य पेठेच्या वरच्या टोकाला म्हणायचे. माझं गॅरेज खालच्या टोकाला. त्यामुळे ही बातमी मधल्या सगळ्या दुकानांना माझ्याआधी मिळायची. त्या दिवशीही तसंच झालं. नाना पुढे हँडल धरून, मागे पारावरचे दोन रिकामटेकडे गाडी ढकलत, अशी ती मिरवणूक उतारावरून माझ्या दारात येऊन थांबली. वाजंत्री तेवढी नव्हती.

'तुझी बॅटरी' हे नीट ऐका. गाडी नानांची, बॅटरीही नानांनीच विकत घेतलेली, पण मेली की ती माझी. चालत होती तोवर 'आमची गाडी' होती.

"नाना, परवाच तर नेलीत ना?"

"परवा न्हेली, काल चालली, आज मेली. माणूससुदिक मरायला याच्यापेक्षा जास्त येळ घेतो."

समोरच्या गॅरेजात पोपटशेठ सुतार हसले. हातातला पाना खाली ठेवून, सवडीने हसले. पोपटशेठ माझे उस्ताद. वायरिंग मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि दुकान त्यांच्याच समोर टाकलं, कारण पेठेत रिकामा गाळा तेवढा एकच होता. वर बोर्ड लावला, 'शौकत ऑटो इलेक्ट्रिक, चार्जिंग स्पेशालिस्ट'. त्यातलं 'स्पेशालिस्ट' पेंटरचं. बोर्डावर जागा उरली होती आणि त्याला ती मोकळी बघवेना. गिऱ्हाइकं वाचून आत यायची, पोपटशेठ वाचून हसायचे. एकंदरीत बोर्ड सगळ्यांच्या उपयोगी पडत होता.

नानांबद्दल सांगायचं तर ते भैरोबा दूध संघाचे निवृत्त टँकर ड्रायव्हर. उभी हयात घाट उतरून मुंबईला दूध पोचवलं आणि टँकरला कधी ओरखडा येऊ दिला नाही. ही माहिती नानांच्या तोंडून ऐकली नाही असा माणूस तालुक्यात शोधून सापडला नसता. निरोपाच्या वेळी संघाने त्यांना एक ढाल दिली होती. ती शोकेसमध्ये होती, आणि शोकेस बरोबर दारासमोर होतं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर नानांना किक मारणं जमेना, म्हणून त्यांनी नुसत्या बटणावर चालणारी मोटारसायकल घेतली. त्या गाडीला किकच नव्हती. बॅटरी पार बसली की ती धक्का मारूनही दाद देत नसे. मग तिच्यावर फार तर टॉवेल वाळत घालता आला असता.

एका म्हाताऱ्याची एक गाडी पुन्हा पुन्हा गॅरेजला आली तर एरवी कुणाचं काही बिघडत नाही. पण माझं बिघडणार होतं. दूध संघाला आपल्या टँकरांच्या आणि सुपरवायझरांच्या मोटारसायकलींच्या इलेक्ट्रिक कामासाठी एक कायमचा माणूस हवा होता. नावं दोनच होती, पोपटशेठचं आणि माझं. संघाच्या वर्कशॉपचे मोहितेसाहेब एकदा माझ्या बाकावर बसून, माझाच चहा पीत म्हणाले, "आमच्या नानांच्या गाडीचं दुखणं कुणालाच सापडत नाही म्हणतात. तेवढं तू काढून दाखव. मग काम तुझं."

पोपटशेठनी त्या गाडीला हात लावायलाच नकार दिला होता. शहाणी माणसं पेपरला बसत नाहीत, निकाल ऐकायला येतात.

मी मात्र बसलो. संघाचं काम मिळालं तर गाळा टिकणार होता. नाही मिळालं तर बोर्ड उतरवून, रस्ता ओलांडून, पुन्हा पोपटशेठच्या हाताखाली पाने पुसायचे होते. तिथे माझं स्वागत कसं झालं असतं, हे मला दिवसाउजेडी डोळ्यांसमोर दिसायचं.

आता चार्जिंगचं दुखणं शोधणं तसं फार अवघड नसतं. संशयित तीनच. इंजिन फिरलं की आतली कॉइल करंट तयार करते, रेक्टिफायर तो बॅटरीला सोसेल एवढाच पुढे सोडतो आणि बॅटरी तो साठवते. या तिघांतला एक जण चोर असतो. मीटर लावला की कबूल होतो.

पहिल्या खेपेला चोर बॅटरीच होती. जुनी, पोट फुगलेली. नानांच्या अंगणात जाऊन मी ती बदलली आणि वर एक व्याख्यान दिलं. ऐकायला नाना होते, आणि चहाचे कप घेऊन आलेल्या गजराकाकी. काकी म्हणजे नानांच्या बायको. बाई कमी बोलणारी. नानांनी बोलायला जागाच ठेवली नव्हती.

"किल्ली चालू ऱ्हायली तर काय हुतं रं?" काकींनी विचारलं.

मला हुरूप आला. आमच्या धंद्यात असं कुणी विचारत नाही. "काकी, ह्या गाडीचा दिवा थेट बॅटरीवर चालतो. इंजिन बंद आणि दिवा चालू राहिला तर दोन-तीन तासांत बॅटरी साफ."

"साफ?"

"पार साफ. बटण दाबलं तर नुसतं टिक करेल."

काकींनी समजल्यासारखी मान हलवली आणि कप गोळा करून आत गेल्या. बाई किती लक्ष देऊन ऐकते, याचं मला कौतुक वाटलं.

त्यानंतर ती गाडी माझ्याकडे जी यायला लागली ती यायलाच लागली. नवी बॅटरी, तरी मेली. मी रेक्टिफायर बदलला. पुन्हा मेली. इंजिनाचं ऑइल काढलं, साइडचं झाकण उघडलं, कॉइल मोजली. कॉइल निर्दोष होती. तरीही बदलली, कारण तिचा चेहरा मला आवडेना. गाडी पुन्हा मेली. मग वायरिंगमधून कुठे करंट झिरपतोय का ते पाहायला, किल्ली बंद ठेवून मीटर मध्ये जोडून बसलो. काटा जागचा हलला नाही. गाडी रेस केली की बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास, म्हणजे पुस्तकात छापावं तसं चार्जिंग. मी गाडी चांगली चार-पाच दिवस गॅरेजात ठेवून घेतली. रोज सकाळी एका बटणात सुरू. नानांच्या घरी गेली की दुसऱ्या दिवशी मढं.

"तुझा मीटर खोटा हाय," नाना म्हणायचे.

"गाडीला नजर लागलीया," पोपटशेठ रस्त्यापलीकडून म्हणायचे. "बोर्ड बघून लागली असंल."

त्या दिवशीही नाना बाकावर बसले आणि मी सगळं पहिल्यापासून तपासायला लागलो. चहा आला. मी कप नानांच्या डाव्या अंगाला ठेवला. नानांनी हात हलवला आणि कप सरळ जमिनीवर गेला.

"मधी कशाला ठेवतोस रं कप?"

कप मध्ये नव्हता. पण नानांशी वाद घालायचा तर आधी त्यांचं टँकरपुराण ऐकायला लागायचं, म्हणून मी फडका घेतला आणि जमीन पुसली. मघाशी येतानाही ते माझ्या स्टुलाला धडकले होते आणि स्टुलालाच शिवी दिली होती. माणूस चिडला की असं होतं, असं मी मनाशी धरून चाललो. शेवटी मी चार्जिंगचा स्पेशालिस्ट होतो, माणसांचा नव्हतो.

"शौकत," नाना जरा वेळाने म्हणाले, "मोहिते शुक्रवारी येणार हाय. म्या त्येला सांगितलंय, पोरगं चांगलं हाय, पण गाडी काय त्याच्या बाच्यानं बी हुत न्हाय."

"लय उपकार झाले, नाना."

"मग? खोटं सांगू व्हय?"

बॅटरी भरून, गाडी चालू करून दिली. नाना उतारावरून वर जाताना मी बघत राहिलो. गाडी अगदी रस्त्याच्या मधोमध चालली होती. ड्रायव्हर माणूस, रस्ता आपल्या बापाचा समजतो, एवढंच मनात आलं.

शुक्रवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. गाडी गॅरेजात बरी असते आणि घरी मरते, एवढी एकच गोष्ट मला नक्की माहीत होती. म्हणजे चोर गाडीत नव्हता, घरात होता. हे कळायला मला एवढे दिवस लागले. नावापुढे स्पेशालिस्ट लावलं की साध्या गोष्टी दिसेनाशा होतात.

गुरुवारी दुपारी, ऊन तापलेलं असताना, मी मीटर पिशवीत घालून न सांगता नानांच्या घरी गेलो. नाना जेवण झालं की झोपतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. घराच्या बाजूला पत्र्याची पडवी होती. गाडी तिथे उभी असायची.

पडवीच्या कोपऱ्यावरून वळलो आणि थांबलो.

गाडीचा दिवा भर दुपारी ढणाढणा जळत होता. वर डाव्या बाजूचा इंडिकेटर टिकटिक करत होता, गाडी कुठेतरी वळायच्या बेतात असल्यासारखा. इंजिन बंद. आणि गाडीशेजारी पोत्यावर गजराकाकी बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात मटकी. एक डोळा मटकीवर आणि एक दिव्यावर. दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीशी बसतात, तशा बसल्या होत्या.

मला बघून त्यांच्या हातातलं सूप कलंडलं. मग त्यांनी घराकडे मान वळवली. आतून नानांचं घोरणं ऐकू येत होतं.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या.

"काकी, हे काय?"

"काय म्हंजे? तूच तर सांगितलंस नव्हं. दोन-तीन तासांत साफ."

मी खाली बसलो. ज्या बॅटरीसाठी मी रेक्टिफायर बदलला, इंजिन उघडलं, पेठेत तोंड काळं करून घेतलं, ती बॅटरी ही बाई रोज मटकी निवडता निवडता उतरवत होती. आणि हे शिक्षण तिला मीच दिलं होतं, तेही हौसेने.

"इंडिकेटर कशाला लावलाय?"

"त्येनं लवकर उतरती. माजं मीच शोधून काढलं." यात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

"काकी, माझं नाव गेलं ना पेठेत! उद्या मोहितेसाहेब येणार. ह्या एका गाडीपायी माझं संघाचं काम जाणार. तुमचं काय घोडं मारलं होतं मी?"

काकींनी सुपातली मटकी एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली.

"त्यास्नी दिसत न्हाय रं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"ह्यास्नी. म्होरं दिसतं. कडंचं काय बी दिसत न्हाय. साताऱ्याच्या डाक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय, कडा गेल्या. नळीतनं बघितल्यासारकं दिसतंय म्हनला. गाडीला हात लावायचा न्हाय म्हनला."

"मग नाना काय म्हणाले?"

"डाक्टरचं मशीन बिगाडलंय म्हनले."

हे मला लगेच पटलं. म्हणजे नाना असंच म्हणाले असणार, हे पटलं.

"बाजाराच्या दिवशी मी मागं बसले हुते," काकी सांगायला लागल्या. "चौकात डावीकडनं एक पोरगी सायकलवर आली. एवढीशी. शाळंचा डरेस. ह्यास्नी दिसलीच न्हाय. मी वरडले म्हनून बिरेक मारला. चाकापासनं पोरगी हातभर लांब. पोरगी रडायला लागली, आन् ह्ये मलाच रागं भरलं. मागं बसून वरडती, गाडी चालवू देत न्हाय म्हनून. त्या रातीपासनं मला त्या पोरीचंच तोंड दिसतंय बग."

"मग सरळ सांगायचं त्यांना. नाहीतर किल्ली लपवायची."

काकी माझ्याकडे बघून हसल्या. माझी कीव आल्यासारख्या हसल्या.

"किल्ली लपवली तर माणूस माज्यावर पेटंल. बॅटरी गेली तर मिस्त्रीवर पेटतंय. मिस्त्री परका हाय, त्येला काय हुतंय?"

हा हिशेब ऐकून मी गार पडलो. यात चूक काही काढता येत नव्हती. फक्त परका मिस्त्री मी होतो.

"आन् सांगायचं म्हनतोस," काकींचा आवाज खाली गेला, "त्या माणसाला मी कुटल्या तोंडानं सांगू, तुमाला गाडी चालवता येत न्हाय म्हनून? दुसरं काय बी सांगीन बाबा. ह्ये न्हाय सांगायचं मी."

"आणि माझं काय?"

"तू तरणा हायस. तुजं नाव परत हुईल. त्यांचं गेलं तर न्हाय व्हायचं."

मी उठलो. काकींना वाटलं मी विरघळलो. त्यांनी ओंजळभर मटकी माझ्या पिशवीत टाकली, मीटरवर. मी विरघळलो नव्हतो. मला काकींचं वाईट वाटत होतं, त्या शाळकरी पोरीची भीती वाटत होती, आणि तरीही उद्या मोहितेसाहेबांपुढे खरं सांगून मोकळं व्हायचं हे मी रस्त्यातच पक्कं केलं. खरं सांगितलं की गाडी आपोआप बंद होणार, पोरंबाळं वाचणार आणि संघाचं काम मला मिळणार. सगळ्यांचंच भलं होणार होतं. आपला फायदा असला की माणसाला सगळ्यांचं भलं फार लवकर दिसायला लागतं.

शुक्रवारी सकाळी मिरवणूक वेळेवर आली. नाना पुढे, रिकामटेकडे मागे. "शौकत, तुझी बॅटरी परत मेली रं!" बाकावर मोहितेसाहेब आधीच येऊन बसले होते. पोपटशेठ स्वतःचा कप घेऊन रस्ता ओलांडून आले आणि माझ्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. निकालाच्या दिवशी शाळेत येतात तसे.

"काय शौकत," मोहितेसाहेब म्हणाले, "सापडलं का नानांच्या गाडीचं?"

"सापडलं, साहेब," मी म्हणालो. वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. गाडीत काहीही दोष नाही, दोष गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत आहे, आणि हे त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

नाना रस्त्याच्या कडेला हँडल धरून उभे होते. आज ते गप्प होते. एरवी एवढ्या वेळात त्यांनी माझ्या मीटरपासून माझ्या खानदानापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता. आज नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात नानांच्या डाव्या अंगाला उतारावरून दुधाच्या कॅना लावलेली एक सायकल आली. दूधवाला लांबूनच घंटी वाजवत होता, "बाजू, बाजू!" ओरडत होता. दोन्ही रिकामटेकडे पळाले. पोपटशेठ चौकटीत आत सरकले. नाना जागचे हलले नाहीत. सायकल त्यांच्या कोपराला घासून गेली, एक कॅन गाडीच्या हँडलवर आपटली, दूधवाल्याने जाता जाता एक कचकचीत शिवी दिली. नानांनी दचकून मान वळवली. उजवीकडे. सायकल डावीकडून कधीच निघून गेली होती.

"कोण रं त्यो?" नाना रिकाम्या रस्त्याला म्हणाले. "कोण हाय?"

पेठेत सगळ्यांना ऐकू जाणारा तो आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला. हा माणूस पावसापाण्यात घाट उतरून मुंबईला जायचा, आणि आज त्याला दारातली सायकल कुठल्या बाजूने गेली ते कळत नव्हतं. आणि मी ते आता चहा पिणाऱ्या दोन माणसांसमोर सांगणार होतो.

"काय सापडलं?" मोहितेसाहेबांनी विचारलं.

"काय सापडलं म्हणजे..." मी म्हणालो, "सापडलं एवढंच, की ही गाडी माझ्याकडून होणार नाही."

"आं?"

"कॉइल बघितली, रेक्टिफायर बदलला, सगळी वायरिंग तपासली. काहीतरी आहे, पण मला कळत नाही."

पोपटशेठनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मोकळे करून हसून घेतलं. "बोर्ड उतरवतोस का मी माणूस पाठवू?"

मोहितेसाहेब बरे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "अजून शीक थोडं," म्हणाले, आणि तिथल्या तिथे, माझ्याच दारात, माझाच चहा संपवून संघाचं काम पोपटशेठना देऊन टाकलं. मग दोघं बोलत रस्ता ओलांडून गेले. खाली ठेवलेला कप घ्यायला पोपटशेठ परत आले नाहीत. तो त्यांचाच होता, मी नंतर नेऊन दिला.

नाना गेले नाहीत. गाडी स्टँडवर लावून ते चाचपत बाकावर बसले. मी पाठ करून उगाच पाने लावत राहिलो. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. आता शिव्या मिळणार हे ठरलेलंच होतं.

"काल दुपारी घरला आल्तास," नाना म्हणाले.

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. "तुम्ही झोपला होता."

"डायवर कवा झोपतो व्हय? डोळं मिटून पडतो."

"घोरत होता की."

"घोरायला काय लागतं?"

मी वळलो. नाना समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"च्या पिऊन बाहीर आलो की हेडलाइटची काच हाताला गरम लागायची. माझं डोळं गेल्यात शौकत, हात न्हाय गेलं."

काटकरांच्या घरात गाडीबद्दल ज्याला त्याला सगळं कळत होतं. अडाणी तेवढा मीच होतो. आणि मीटर माझ्याकडे होता.

"मग एवढं सगळं कशाला, नाना? रोज गाडी ढकलत आणायची, मला पेठेत शिव्या द्यायच्या..."

"आमच्या संघात डायवर कवाच आजारी पडला न्हाय," नाना म्हणाले. "टँकर आजारी पडायचा. कुणाला ताप असंल, कुणाच्या घरी मयत असंल, कुणाचं हात कापत असतील. पण 'मी न्हाय जात' म्हणायचं न्हाय. डायवरनं म्हणायचं न्हाय, आन् दुसऱ्यानं त्येला म्हणायचं न्हाय. फिटर यायचा, त्वांड बघायचा, गुमान एखादी वायर ढिली करायचा. साहेबाला सांगायचा, डायनामो गेलाय, गाडी शेडला. दूध दुसऱ्या गाडीनं जायचं. डायवरचं नाव कवाच यायचं न्हाय मधी."

मी पाना खाली ठेवला आणि स्टुलावर बसलो.

"ती पोरगी सायकलवरची," नाना थांबले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "त्या दिवसापास्नं म्या दोनदा सांगायला गेलो गजरीला. त्वांडच उघडत न्हाय बघ. तवर हिनं काच गरम करायला घेतली. म्हटलं बरं झालं. फिटर घरातच गावला."

"मग आता सोडली ना गाडी? सांगा तसं काकींना. बिचाऱ्या उन्हात बसतात."

"काय सांगू? मला दिसत न्हाय म्हणून?" नानांचा आवाज एकदम पहिल्यासारखा चढला आणि तसाच उतरला. "तिच्या तोंडातनं ते निघंना, म्हणून तर उन्हात बसती. मग म्या कशाला काढू?"

मग ते उठले, गाडीच्या सीटवर एकदा हात फिरवला.

"ही बॅटरी चार्जिंगला लाव. गाडी ढकलत न्हेतो घरला, बॅटरी उद्यापास्नं दर शनवारी येऊन बसीव."

"कशाला? चालवायची नाही म्हणता ना?"

"चालवायला कुठं म्हणतोय? रिकामी बॅटरी ती उतरवणार कशी? तिला कळंल की, मला कळलंय म्हणून."

तर असं माझं काम सुरू झालं. दूध संघाचं नाही, काटकरांच्या घरचं. बोर्डावरचं 'स्पेशालिस्ट' मी स्वतःच्या हाताने पुसलं. 'चार्जिंग' ठेवलं, कारण ते तर आता दर शनिवारी करत होतो. नाना रोज पायी यायचे, बाकावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगं चांगलं आहे, पण एक साधी गाडी होत नाही त्याच्याकडून. पुढे बरीच वर्षं सांगितलं. गिऱ्हाइकं हसायची आणि गाडी माझ्याकडेच टाकून जायची. लोकांचं मला कधी कळलं नाही.

पहिल्या शनिवारी दुपारी बॅटरी घेऊन गेलो तेव्हा काकी पडवीतच होत्या. आतून घोरणं चालू होतं. मी बॅटरी बसवली, नट आवळले. काकींना वाटलं नानांनी हट्ट धरला म्हणून मी भरलेली बॅटरी आणली. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि मी असतानाच किल्ली फिरवून दिवा लावला. मग इंडिकेटरही.

"तुजं काम ग्येलं म्हनं माज्यापायी," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

"जाऊ द्या, काकी. मला येत नव्हतंच ते."

काकींनी घराकडे बघितलं. मग त्या मोठ्याने, आत चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. आयुष्यभर कमी बोललेल्या बाईचा तो आवाज मलाही नवा होता.

"ह्यांच्यासारका डायवर झाला न्हाय बग तालुक्यात! गाडी धड असती तर आजबी मुंबई गाठली असती!"

"गाडीतच खोट आहे, काकी," मीही तेवढ्याच मोठ्याने म्हणालो. "नाना काय करणार त्याला?"

आत घोरणं मध्येच थांबलं. मग नानांनी घसा साफ केला आणि पहिल्यापेक्षा जोरात घोरायला सुरुवात केली.